सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स : प्लेसमेंटसह करावं की सरळ एका वर्षात उरकावं?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी परिचारिका. आठ वर्षं झाली, त्यातली शेवटची तीन अतिदक्षता विभागात. आता सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करायचं डोक्यात घेतलंय. का, ते थोडक्यात सांगते. मागे एकदा एकाच वस्तीतले चार जण एकाच आठवड्यात आमच्याकडे आले. जुलाब, अंगातलं पाणी पार आटलेलं, एकाची किडनी बंद पडायच्या बेतात. चौघांना सलाइन लावलं, चौघे बरे होऊन घरी गेले. पुढच्या सोमवारी त्याच वस्तीतली पाचवी बाई आली. तिची शीर शोधताना मनात आलं, सहावी आत्ता कुठे असेल? त्याच नळावर पाणी भरत असेल.

तर दोन अभ्यासक्रम समोर आहेत. विषय तेच, प्राध्यापक तेच. एक वर्षभराचा, शेवटी प्रबंध. दुसरा तोच, पण मध्ये कित्येक महिने एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम. त्यामुळे वेळ जवळजवळ दुप्पट.

विचारायचं आहे ते असं. त्या प्लेसमेंटमध्ये खरोखर काय करायला लावतात? माहितीपत्रकावर हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो आहेत, त्यावरून काही कळत नाही. दुसरं, शाळा सुटल्यापासून गणिताशी माझं बोलणं नाही, सांख्यिकी झेपेल का? आणि तिसरं जरा वेडगळ आहे. समोर पेशंट नसताना या कामात जीव रमतो का?

खडूस_काका

"१०० टक्के प्लेसमेंट" असं लिहिलेलं दिसलं की पायात चपला घालून उलट दिशेला चालू लागावं. नोकरीची हमी देणाऱ्या संस्थेला स्वतःच्या शिक्षणाची हमी नसते.

रात्रपाळी

काका, ते प्लेसमेंट नाही हो. नोकरी लावून देणं नाही, शिकता शिकता काम.

खडूस_काका

मग त्याला उमेदवारी म्हणा की. आमच्या वेळी हाच शब्द होता.

पाटीपुस्तक

काकांनी नकळत कामाचा मुद्दा काढला. आपल्याकडे प्लेसमेंट म्हटलं की मुलाखती, पॅकेज आणि फलकावर झळकणारी नावं डोळ्यांसमोर येतात. इथे अर्थ वेगळा आहे. अभ्यासक्रमाचाच एक तुकडा आरोग्य खात्यात, रुग्णालयात, स्वयंसेवी संस्थेत किंवा संशोधन केंद्रात करायचा, आणि त्यावर गुण किंवा निदान उत्तीर्णतेचा शेरा मिळवायचा. त्यानंतर तिथेच नोकरी लागते का? कधी लागते. ते धरून चालू नये.

मी शिकवणाऱ्या बाजूला आहे, त्यामुळे माझं मत थोडं झुकलेलं असणार हे आधीच सांगते.

अभ्यासक्रमाचा गाभा जगभर साधारण सारखाच असतो. साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, आरोग्य धोरण आणि व्यवस्थापन, पर्यावरण आणि आरोग्य, आणि माणसं तशी का वागतात याचं सामाजिक शास्त्र. फरक पडतो तो प्रत्यक्ष कामाच्या बाबतीत. अमेरिकेत सीईपीएच ही मान्यता देणारी परिषद आहे. तिच्या नियमांनुसार एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातलं मास्टर्स, किमान ४२ क्रेडिटचं असतं आणि प्रत्यक्ष अनुभव सक्तीचा असतो. विद्यार्थ्याने किमान ५ कौशल्यं त्या अनुभवातून दाखवायची आणि त्या संस्थेच्या उपयोगी पडतील अशा किमान २ वस्तू तयार करून द्यायच्या. वस्तू म्हणजे अहवाल, प्रश्नावली, प्रशिक्षणाचं साहित्य, आकडेवारीचा फलक, काहीही. पण दुसऱ्याच्या हातात देता येईल असं. ब्रिटिश वळणाच्या मास्टर्समध्ये १८० क्रेडिट (त्यांचं माप वेगळं), पूर्णवेळ केलं तर एक वर्ष, आणि प्लेसमेंट बहुधा ऐच्छिक. तुमचे दोन पर्याय या दुसऱ्या वळणाचे दिसतात.

इथे एक बारीक अक्षरातली ओळ असते, ती शोधा. पुष्कळ ठिकाणी प्लेसमेंट *मिळाली तर* मिळते. विद्यापीठ मदत करतं, अर्ज कसा लिहायचा ते शिकवतं, पण जागा तुम्ही मिळवायची. नाही मिळाली तर तुम्हाला गुपचूप एक वर्षाच्या अभ्यासक्रमात सरकवतात. प्रवेश घेताना हा प्रश्न लेखी विचारा. तोंडी उत्तर गोड असतं.

कोरा_कागद

पाटीपुस्तक यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. आता माझी कहाणी ऐका, म्हणजे नाण्याची मागची बाजूही कळेल.

मला जागा मिळाली, आणि तीही नावाजलेल्या संस्थेत. नाव सांगत नाही, पण सांगितलं तर तुम्ही "अरे वा" म्हणाल. मीही म्हटलं होतं. प्रकल्प ठरला होता लसीकरण अर्धवट सोडणाऱ्या मुलांचा अभ्यास. पहिल्या दिवशी गळ्यात ओळखपत्र घातलं, खुर्ची दिली. संगणकाचा पासवर्ड पाचव्या आठवड्यात आला. मग कळलं की मुलांची माहिती बघायला नैतिकता समितीची मंजुरी लागते, ती आणायची जबाबदारी संस्था आणि विद्यापीठ एकमेकांवर ढकलत होते. समितीची बैठक महिन्यातून एकदा. पहिल्या बैठकीत अर्ज परत आला, कारण संमतिपत्राच्या नमुन्यावर आवृत्ती क्रमांक नव्हता.

तोवर मी काय केलं? हात धुण्याच्या जनजागृतीची भित्तिपत्रकं. त्यांचे रंग. त्या भित्तिपत्रकांवरच्या बाळाच्या गालाचा गुलाबी फिकट करा की गडद, यावर तीन ई-मेल झाले. माझ्या रोजनिशीत "आज काय शिकलो" या रकान्याखाली एक अख्खा आठवडा कोरा आहे. आयडी तिथूनच घेतला.

शेवटी माहिती हातात आली तेव्हा उरले होते तीन आठवडे. पाट्या टाकल्या आणि सुटलो. पासही झालो, हे त्याहून वाईट.

खडूस_काका

म्हणजे वर्षभराची फी भरून वर फुकटचा हमाल. मी काय म्हणत होतो?

पाटीपुस्तक

काका, या वेळी तुमच्याशी भांडता येत नाही. बिनपगारी प्लेसमेंट ही खरोखर अडचण आहे. ज्याच्या घरी दुसरं कोणी कमावतं आहे त्यालाच ती परवडते, आणि आरोग्यातली विषमता शिकवणाऱ्या विषयात हे घडावं ही शरमेची गोष्ट आहे. विद्यावेतन आहे का, प्रवासखर्च कोण देणार, हे विचारण्यात लाजू नये.

कोरा_कागद, तुमच्या बाबतीत चूक आमच्या जमातीची. नैतिकता मंजुरीचं काम प्लेसमेंट सुरू व्हायच्या आधी मार्गी लागायला हवं. प्रकल्प 'संशोधन' म्हणायचा की 'सेवेचं मूल्यमापन', हेही आधी ठरतं. दुसऱ्या प्रकारात बऱ्याच ठिकाणी मंजुरीची वाट छोटी असते. चांगला मार्गदर्शक हे पहिल्याच भेटीत काढतो.

अपूर्णांक

उशिरा आलो. धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण तोच माझा पोटापाण्याचा धंदा.

रात्रपाळी ताई, गणिताला भिऊ नका. पदव्युत्तर पातळीवर लागणारी सांख्यिकी म्हणजे मोठाली समीकरणं सोडवणं नव्हे, ती संगणक सोडवतो. आर किंवा स्टेटा या सांख्यिकीच्या संगणक प्रणालींपैकी काहीतरी शिकवतील, पहिले दोन महिने स्वल्पविराम कुठे सुटला ते शोधण्यात जातील, मग हात बसेल. अवघड असतो तो अपूर्णांक. अंश आणि छेद. अंश सगळ्यांना दिसतो, कारण तो बातमीत येतो. "अमुक इतके रुग्ण." छेद कोणी विचारत नाही. कितींपैकी? किती दिवसांत? मोजायला गेलेच नाहीत असे किती?

आणि या बाबतीत तुम्ही आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पुढे आहात. तुमच्या विभागात सेंट्रल लाइनमुळे, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे, होणाऱ्या रक्तसंसर्गाचा दर काढत असतील. तो दर हजार लाइन-दिवसांमागे काढतात. आता लाइन-दिवस म्हणजे काय? रोज ठरलेल्या वेळी वॉर्डात किती रुग्णांना सेंट्रल लाइन आहे ते कोणीतरी मोजतं, तो आकडा वहीत जातो, महिन्याची बेरीज होते. एकाच रुग्णाला दोन लाइन असल्या तरी रूढ व्याख्येप्रमाणे तो एकच लाइन-दिवस. ही वही कोण भरतं?

रात्रपाळी

आम्ही. रात्री बारा वाजता.

अपूर्णांक

मग झालं तर. अख्ख्या रुग्णालयाचा छेद तुमच्या हातात आहे. वर बसलेले लोक त्या आकड्याचे आलेख काढून टाळ्या घेतात.

रात्रपाळी

अपूर्णांक, तुमचा प्रतिसाद वाचून काल ड्यूटीवर गेले. एक कबुली देऊ का? बारा वाजता कोणाची तरी शुगर पडलेली असते, कोणाचा व्हेंटिलेटर ओरडत असतो. अशा रात्री आम्ही आदल्या दिवशीचा आकडा बघतो आणि तोच खाली उतरवतो. सहाच्या खाली सहा. मी स्वतः केलंय हे. कितीदा, ते आठवत नाही. काल वहीची मागची पानं उलटून पाहिली तर सलग नऊ दिवस सहा. नऊ दिवस!

आणि महिन्याच्या बैठकीत तो दर दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवतात.

अपूर्णांक

हे तुम्ही उघड लिहिलंत त्याबद्दल आधी दंडवत.

हे सगळीकडे चालतं, ताई. रक्तदाबाचं घ्या. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात. म्हणजे आकड्याच्या शेवटी ०, २, ४, ६, ८ सारख्याच वेळा यायला हवेत, शून्य साधारण पाचांत एकदा. प्रत्यक्ष वह्या बघा, १२०, १३०, १४०, शून्यांची नुसती रांग. वयाचंही तेच. जनगणनेत लोक ४०, ४५, ५० अशी वयं सांगतात, ४१ आणि ४३ची माणसं जणू जन्मालाच आली नाहीत. लोकसंख्याशास्त्रात हा कल मोजायला व्हिपल निर्देशांक आहे. तो १०० आला तर कल नाही, ५०० आला तर प्रत्येकाचं वय शून्याने किंवा पाचानेच संपतंय.

वरच्या मजल्यावरही असेच घोटाळे होतात. २०२० साली इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले कोव्हिडचे १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून गळाले. कारण काय, तर फाइल एक्सेलच्या जुन्या प्रकारात होती आणि त्या प्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. पुढच्या ओळी नुसत्या गायब. त्या लोकांच्या संपर्कातल्यांना कळवायलाही मग उशीर झाला. एवढा मोठा देश, आणि घोडं अडलं ते तक्त्याच्या तळाशी.

वर्गात आम्हाला जी माहिती देतात ना, ती धुऊन, इस्त्री करून दिलेली असते. म्हणून माझं मत विचाराल तर प्लेसमेंट घ्या. फक्त आकडा जिथे जन्माला येतो तिथे बसू देणारी घ्या. नाहीतर उंटावरून शेळ्या हाकायला एक वर्षाचा अभ्यासक्रमही पुरतो.

झिजलेली_चप्पल

अपूर्णांकशी सहमत, पण मी त्याच्या एक पायरी खालून बोलतो. वहीत आकडा लिहिला जाण्याआधी कोणीतरी कोणाला तरी प्रश्न विचारलेला असतो. खरी गंमत तिथे आहे.

माझी प्लेसमेंट उद्रेकाच्या तपासाची. पोटाच्या विकाराची साथ. आमच्या हातात देखणी प्रश्नावली. प्रश्न सातवा, "गेल्या १४ दिवसांत आपणास अतिसार झाला होता का?" पहिल्या दिवशी बावीस घरं केली. एक सोडून सगळीकडे "नाही". आम्ही खूश, साथ ओसरली! संध्याकाळी सोबतची आरोग्यसेविका म्हणाली, "साहेब, अतिसार कोणाला होत नसतो इथं. उद्या मला विचारू द्या." दुसऱ्या दिवशी तिने त्याच घरांत विचारलं, "मावशी, पोट बिघडलं होतं का? ढाळ लागली होती?" निम्म्याहून जास्त घरांत कोणी ना कोणी निघालं. एका आजीने तर आदल्या दिवशीच मला "नाही" सांगितलं होतं. म्हणाली, "तू ते काय मोठ्या रोगाचं नाव घेतलंस, तसलं काही नाही आमच्यात. नुसती हगवण आहे."

व्याख्या पुस्तकात पक्की असते. दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच. पण ती व्याख्या आजीच्या तोंडच्या शब्दाला जोडायचं काम कोणत्याच पुस्तकात नाही.

अवांतर: अमेरिकेत १९५१मध्ये अलेक्झांडर लँगम्युअर यांनी एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस सुरू केली. दोन वर्षं काम करत करतच साथरोगशास्त्र शिकायचं. तिचं चिन्ह बघा कधी, बुटाचा तळवा आहे आणि त्याला भोक पडलेलं आहे. माझा आयडी तिथून चोरलेला.

वाचनमात्र

चप्पलराव, जॉन स्नो आठवला, कॉलरा पाण्यातून पसरतो म्हणणारा तो लंडनचा डॉक्टर.

झिजलेली_चप्पल

आठवणारच. पण ती गोष्ट लोक अर्धीच सांगतात. १८५४, लंडन, ब्रॉड स्ट्रीट, कॉलरा, स्नोच्या सांगण्यावरून पाण्याच्या पंपाचा दांडा काढला, टाळ्या. दांडा काढला ८ सप्टेंबरला, तेव्हा साथ आधीच उतरणीला लागली होती, कारण माणसं घरंदारं सोडून पळाली होती. हे खुद्द स्नोनेच लिहून ठेवलंय.

मला त्या गोष्टीतली बाकीची दोन माणसं जास्त आवडतात. एक विल्यम फार, नोंदणी कार्यालयात बसून मृत्यूंच्या याद्या ठेवणारा. पत्त्यांसह नोंदी नसत्या तर स्नोने नकाशावर रेघा कशाच्या मारल्या असत्या? आणि दुसरा हेन्री व्हाइटहेड, तिथल्या चर्चचा तरुण पाद्री. तो निघाला होता स्नोला खोटं पाडायला. पण घराघरांत त्याची ओळख, लोक त्याच्याशी बोलायचे. शेवटी त्यालाच ४० क्रमांकाच्या घरातलं आजारी बाळ सापडलं. त्याची दुपटी धुतलेलं पाणी विहिरीलगतच्या शोषखड्ड्यात ओतलं जायचं. विद्वान, कारकून आणि वस्तीतला माणूस, तिघं लागले. प्लेसमेंटमध्ये या तिघांपैकी कोणाच्या शेजारी तुमची खुर्ची असणार, एवढंच बघा.

कोरा_कागद

माझी डिझायनरच्या शेजारी होती.

खडूस_काका

हसलो. आता मला एक सांगा. ही बाई आठ वर्षं अनुभवाची आहे. तिने एका वर्षात पदवी घेऊन सरळ नोकरी धरली तर तिथेही हेच सगळं शिकेल ना, आणि पगार घेऊन? मग प्लेसमेंटचा अट्टहास का?

पाटीपुस्तक

प्रश्न रास्त आहे. ज्याला या क्षेत्रात आधीच काम आहे, उदाहरणार्थ एखाद्या आरोग्य कार्यक्रमात कर्मचारी, त्याने एक वर्षात उरकावं असंच मी सांगते. रात्रपाळी यांचा अनुभव मोठा आहे, पण खाटेजवळचा. अर्ज वाचणारा माणूस विचारतो, "तुम्ही कधी सर्वेक्षण केलंय? अहवाल लिहिलाय?" तिथे "नाही, पण मी परिचारिका होते" हे उत्तर त्याला तोकडं वाटतं. त्याचं वाटणं चूक आहे, पण वाटतं. प्लेसमेंटमधून हातात दोन तयार वस्तू असल्या की हे संभाषण वेगळं होतं.

शिवाय नोकरीत "मला हे येत नाही" म्हणायची चोरी असते. विद्यार्थ्याला नसते.

वाचनमात्र

तिसरा रस्ताही आहे. मी अर्धवेळ केलं, आणि माझ्याच रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण विभागात प्लेसमेंट घेतली. विद्यापीठाची अट एकच, रोजच्या कामापेक्षा काम वेगळं असलं पाहिजे आणि देखरेख करणारी व्यक्ती तुमची वरिष्ठ नको. फायदा हा की पगार चालू राहतो, पासवर्ड आधीच असतो, नोंदी ठेवणाऱ्या बाई ओळखीच्या. तोटा असा की लोक तुम्हाला विद्यार्थी मानत नाहीत. दर तासाला कोणीतरी डोकावतं, "जरा हात देतेस का?" आणि सहकाऱ्यांच्याच नोंदीतल्या चुका अहवालात लिहायच्या असतात. माझ्या एका मैत्रिणीने त्यानंतर दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

रात्रपाळी

मंडळी, काय काय लिहिलंत! दोनदा वाचलं. माझा तिसरा प्रश्न मात्र तसाच राहिला. वेडगळ म्हणून सोडून दिलात का?

पाटीपुस्तक

नाही हो, अवघड म्हणून.

वैद्यकीय बाजूने आलेला प्रत्येक विद्यार्थी पहिल्या सत्रात एकदा माझ्या खोलीत येऊन बसतो आणि म्हणतो, "मॅडम, इथे कोणी बरंच होत नाही." खरं आहे. सलाइन लावली की दोन तासांत डोळे उघडतात. पाण्याची वाहिनी बदलली तर जो आजारी पडलाच नाही तो तुमचे आभार मानायला येत नाही. त्याला माहीतच नसतं.

जेफ्री रोझ यांचा १९८५चा एक लेख आहे, आजारी व्यक्ती आणि आजारी समाज या विषयावर. अभ्यासक्रमात तो बहुतेक भेटेलच. त्यातली गोष्ट माझ्या शब्दांत अशी. या माणसाला रक्तदाब का झाला हा एक प्रश्न, आणि या गावात इतक्या जणांना का होतो हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. आणि खूप मोठ्या जोखमीच्या थोड्या लोकांपेक्षा थोड्या जोखमीच्या खूप लोकांमधून जास्त रुग्ण निघू शकतात. तुमची "सहावी आत्ता कुठे असेल" हा दुसऱ्या जातीचा प्रश्न आहे. तो तुम्हाला पडून चुकलाय. आता वॉर्डात जीव पूर्ण रमेल असं वाटत नाही.

झिजलेली_चप्पल

आणि अगदीच पेशंट नसतो असंही नाही. ती हगवणवाली आजी मला अजून ओळखते.

रात्रपाळी

ठरलं. प्लेसमेंटवालं घेते. दोन संस्थांशी बोलणं चालू आहे. एकीचं नाव मोठं आहे, पण "विद्यार्थ्यांना मूळ नोंदी दाखवत नाही, सारांश तक्ते देऊ" म्हणाले. दुसरी लहानशी आहे, रोगसर्वेक्षणाचं काम करते, कार्यालयात सहा माणसं. तिथल्या बाईंनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला अनोळखी माणसांना फोन करायला आवडतं का?"

कोरा_कागद

दुसरी. डोळे मिटून दुसरी. आणि पासवर्डचं विचारून घ्या.

अपूर्णांक

दुसरी.

खडूस_काका

विद्यावेतन देतात का ते आधी विचार, मग डोळे मिट.

*(बऱ्याच महिन्यांनी)*

रात्रपाळी

धागा वर काढतेय, माफी असावी. लहान संस्थेत रुजू होऊन तिसरा आठवडा. काका, विद्यावेतन देतात. फार नाही, पण प्रवास सुटतो. पासवर्ड दुसऱ्या दिवशी मिळाला. सांख्यिकीच्या पहिल्या परीक्षेत काठावर पास झाले होते, दुसरीत बरी. आर मध्ये अजूनही कंस बंद करायला विसरते.

काम सांगते. पण आकडे आणि ठिकाणं सांगणार नाही, गोपनीयतेच्या करारावर सही केलीय. (लहान गावात दोनच रुग्ण असतील तर नुसत्या आकड्यावरून माणूस ओळखू येतो, म्हणून आमच्या अहवालात पाचाच्या आतले आकडे झाकतात. हे मला इथे येऊन कळलं.)

दर आठवड्याला केंद्रांकडून तापाच्या आणि जुलाबाच्या रुग्णांचे आकडे येतात. त्यांचा रंगीत नकाशा करायचा. लाल जास्त, पिवळा मध्यम, हिरवा शून्य. नकाशाचा जुना प्रोग्रॅम तयारच होता, मी फक्त दर सोमवारी बटण दाबायचं. पहिल्या सोमवारी दाबलं. सुरेख हिरवागार नकाशा. एक केंद्र तर कित्येक आठवडे सलग हिरवं. आणि मला आमची वही आठवली. सहाच्या खाली सहा.

मूळ तक्ता उघडला. त्या केंद्रासमोर शून्य नव्हतंच. चौकट रिकामी होती. प्रोग्रॅम रिकाम्या चौकटीला शून्य धरत होता आणि शून्याला हिरवा रंग देत होता.

फोन केला. चार वेळा कोणी उचलला नाही. पाचव्यांदा एका बाईंनी उचलला. म्हणाल्या, "अर्ज भरणारी बदलून गेली, नवीन आलेली नाही. मी एकटीच आहे." मी विचारलं, "जुलाबाचे पेशंट येतात का हो?" तर म्हणाल्या, "येतात म्हणजे? आत्ता बाहेर बाकावर बसलेत."

अपूर्णांक

अंगावर काटा आला. पुढे?

रात्रपाळी

त्या दिवशी त्यांच्याकडून फोनवरच नोंदी उतरवून घेतल्या. बाई मधेच फोन ठेवून पेशंट बघून यायच्या, मी धरून बसायचे. दुपार गेली. मग प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली, रिकामी चौकट असेल तर करडा रंग. बटण दाबलं. नकाशात बरंच करडं झालं.

मार्गदर्शक बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "हा नकाशा वर पाठवला तर फोन येतील." मी म्हटलं, हिरवा पाठवू का परत? त्या म्हणाल्या, "नको. करड्यांची यादी काढ. उद्यापासून आपणच फोन लावू, निम्मे तुझे, निम्मे माझे."

झिजलेली_चप्पल

बाकावर बसलेल्यांचं काय झालं? पाणी कुठलं पितात, विचारलंस?

रात्रपाळी

परवा जातेय तिकडे. प्रश्नावलीतला सातवा प्रश्न आधीच बदलून घेतलाय.